भूकंपातून वाचलेली सागवानी पेटी

प्रश्न : 1993च्या भूकंपात आमचं माळवदाचं घर पडलं. ढिगाऱ्यातून काढलेली आजीची सागवानी पेटी आता काळी पडली आहे. पॉलिश कसं करावं?
– एक वाचक, लोहारा (जि. धाराशिव)

उत्तर : आधी पेटी उलटी करून तळ पाहा. बारीक गोल छिद्रांतून पीठ गळत असेल तर भुंगा, मातीचे पापुद्रे दिसले तर वाळवी. औषध आधी, पॉलिश नंतर. काळा थर बहुधा धूर-तेलाचा असतो. तो टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा. कॉस्टिक सोडा अजिबात नको, सागवान आणखी काळवंडतं. मग 220 नंबरचा पॉलिश पेपर रेषांच्या दिशेनेच, हलक्या हाताने. कडीभोवतीची झीज घासू नका. ती आजीच्या हातांची आहे. लिटरभर स्पिरिटमध्ये पाव किलो चपडा रात्रभर भिजवून, गाळून, सुती बोळ्याने पातळ हात द्या. पावसाळी दमट हवेत पॉलिश पांढुरकं पडतं, म्हणून काम उन्हाळ्यात उरका, पण सावलीत आणि चुलीपासून लांब.