वाचक विचारतात : शहापूरला वाघ आहे की नाही?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत तानसा अभयारण्यात जायचं ठरवतो आहोत. आटगाव स्टेशनबाहेर रिक्षावाला म्हणाला, "वाघ आहे की! परवाच आमच्या वाडीतली शेळी नेली." व्याघ्रप्रकल्पांच्या यादीत मात्र तानसाचं नाव नाही. खरं काय मानायचं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : रिक्षावाला खोटं बोलला नाही आणि यादीही चुकलेली नाही. शहापूर-मुरबाडच्या बोलण्यात बिबट्यालाही 'वाघ'च म्हणतात. वेगळं सांगायची वेळ आली, तर अंगावर पट्टे असलेला तो 'पट्टेरी' किंवा 'ढाण्या' वाघ. तेव्हा कुणी "वाघ बघितला" म्हणालं, की पट्टे होते की ठिपके एवढंच विचारा. इथे उत्तर 'ठिपके' असंच येणार.

महाराष्ट्रात व्याघ्रप्रकल्प सहा : मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर आणि सह्याद्री. त्यांतले पाच विदर्भात. पश्चिम महाराष्ट्रातला एकटा सह्याद्री, म्हणजे कोयना आणि चांदोलीचं जंगल. तो २०१० साली झाला. तानसा १९७० पासून अभयारण्य आहे, व्याघ्रप्रकल्प नाही.

प्रश्न : मग पट्टेरी वाघ गेला आणि बिबट्या कसा राहिला?

उत्तर : पोटापाण्याच्या हिशोबामुळे. पट्टेरी वाघाला सांबर-चितळासारखं मोठं सावज लागतं, वर्षाला साधारण पन्नास. तेवढी जनावरं पोसणारं सलग रान लागतं. बिबट्याचं ससा, वानर, घूस, गावकुत्रं, शेळी अशा कशावरही भागतं. महामार्ग, रेल्वे आणि वाड्या-वस्त्यांनी तुकडे केलेल्या रानात तोच टिकतो.

हे रान तरी उरलं, त्यात मुंबईच्या नळाचा वाटा मोठा आहे. १८९२ पासून तानसाचं पाणी मुंबईला जातं. तलावात गाळ येऊ द्यायचा नसेल, तर भोवतीच्या डोंगरावर झाड उभं हवं. म्हणून पाणलोटातलं जंगल राखलं गेलं आणि त्या राखणीत बिबट्याचीही सोय झाली.

प्रश्न : बिबट्या दिसला नाही, तर फेरी फुकट जायची का?

उत्तर : तो बहुधा दिसणार नाहीच, रात्री फिरणारा, दबून राहणारा प्राणी आहे. पण चिखलातली त्याची सही वाचता येते. पाणवठ्याकडे जाणाऱ्या वाटेवर खाली बघत चाला. मागे गादी, पुढे चार बोटं आणि नखांचा मागमूस नाही, असा ठसा मांजरकुळातला, कारण मांजर चालताना नखं आत ओढून घेतं. बोटांपुढे नखांचे टोचे दिसले, तर कुत्रा, कोल्हा किंवा तरस. तुमच्या चार बोटांच्या रुंदीचा, बिननखी ठसा सापडला, की समजा बिबट्या इथून गेला.

तानसाचं खरं वैभव मात्र वीतभर उंचीचं आहे : रानपिंगळा. १८८४ नंतर शंभरहून अधिक वर्षं कुणाला न सापडलेला हा पक्षी १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा दिसला, आणि २०१४ साली तानसाच्या सागवनात. तो दिवसाही जागा असतो. आपल्या नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याचं डोकं जवळपास कोरं, पाय दणकट. दिवाळीत सागाला पान दाट असतं. फाल्गुनात पानगळ झाली, पळस फुलला, की तो हेरणं सोपं.

मुरबाडच्या बाजूने जाणार असाल, तर सिद्धगडाचं रान भीमाशंकर अभयारण्यात येतं. तिथे मान वर करून चाला. शेकरूची काटक्यापानांची घरटी उंच फांद्यांच्या बेचक्यात दिसतात.

प्रश्न : वाटेत शेंदूर फासलेला, वाघ कोरलेला दगड किंवा लाकडी फळी दिसते. ती कसली?

उत्तर : तो वाघोबा. वारली, ठाकूर, महादेव कोळी अशा समाजांचा हा देव. फळीवर वाघासोबत बहुधा सूर्य-चंद्रही असतात. वसुबारसेलाच इथल्या वाड्यांवर वाघबारस असते. गुरं सांभाळ, आमच्या वाटेला जाऊ नकोस, असं मागणं वाघाकडे मागून नारळ, कोंबडं देतात. तुमची सुट्टी दिवाळीतलीच आहे, तेव्हा पूजा चाललेली दिसेलही. चपला बाहेर काढा, विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

शेवटी एक विनंती. बिबट्या विहिरीत पडलेला किंवा शेतात बसलेला दिसला, तर मोबाइल पुढे करून धावू नका आणि गर्दीही जमवू नका. घेरलेलं जनावर वाट मिळेल तिकडे उसळतं आणि समोर येईल तो जखमी होतो. त्याच मोबाइलवरून वन विभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवा आणि त्याला जायला वाट मोकळी ठेवा.