अडखळत्या चित्रावर कट ठरवू नका

4के फुटेज टाइमलाइनवर अडखळू लागलं की आपण संगणकाला बोल लावतो आणि तसंच काम रेटत राहतो. त्यात वेळ जातो हे सगळे मान्य करतात; पण माझ्या मते खरं नुकसान निर्णयाचं होतं. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. फुटेज चालताना मधल्या पाच-सहा फ्रेम गळाल्या, तर पात्राने मान वळवली तो नेमका क्षण दिसतच नाही. जी लय डोळ्यांनी पाहिलीच नाही, ती जमली की नाही हे कशावरून ठरवणार? अडखळण्याचं मूळही बहुधा फाइलच्या आकारात नसतं, बांधणीत असतं. एच.264 किंवा एचईव्हीसीमध्ये सहसा थोड्याच फ्रेम पूर्ण साठवलेल्या असतात. बाकीच्यांत आजूबाजूच्या फ्रेमच्या तुलनेत काय बदललं, तेवढीच नोंद असते. म्हणून एक फ्रेम दाखवायला संगणकाला आधीच्या कित्येक उलगडाव्या लागतात. यावर उपाय म्हणजे प्रॉक्सी, संकलनापुरती बनवलेली मूळ फुटेजची हलकी प्रत. प्रोरेस प्रॉक्सीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, शिवाय 3840 बाय 2160 चं चित्र 1920 बाय 1080 केलं की पिक्सेल चौथाईवर येतात.

प्लेबॅकचं रिझोल्यूशन अर्धं केलं तर भागत नाही का? थोडं भागतं, पण फ्रेम उलगडण्याचं काम बहुतांशी तेवढंच राहतं. डिस्क भरेल ही भीतीही मला अवास्तव वाटते: 1080 ची, 25 फ्रेमची प्रोरेस प्रॉक्सी तासाला सुमारे 17 जीबी घेते, 100 मेगाबिटने चित्रित केलेलं मूळ फुटेज 45 जीबी, आणि काम संपल्यावर प्रॉक्सी पुसून टाकता येते. दर्जा घसरेल म्हणणाऱ्यांनी फिल्मचा काळ आठवावा. तेव्हाही संकलन रश प्रिंटवर व्हायचं आणि निगेटिव्हला कात्री अगदी शेवटी लागायची. मात्र एक आक्षेप मला पूर्ण मान्य आहे: फोकस, नॉइज आणि रंग यांची पारख प्रॉक्सीवर करू नये. त्यासाठी मूळ फाइलवरच यावं, आणि एक्सपोर्टही मूळ फाइलवरूनच होतंय याची खात्री करावी.

प्रॉक्सीचा फ्रेम रेट, टाइमकोड आणि ऑडिओ चॅनेलची संख्या मूळ फाइलसारखीच हवी, नाहीतर जोडणी फसते. मूळ फाइलची नावं मध्येच बदलू नका. दोन-तीन क्लिपांच्या रीलसाठी हा खटाटोप नको. पण तासन्‌तासांचं फुटेज हाती असेल, तर रात्री प्रॉक्सी बनवायला लावा आणि पहिला कट सकाळी द्या.