मणक्यात 'गॅप' म्हणजे नक्की काय?

आमच्या यावल-रावेर पट्ट्यात केळी कापणीच्या दिवसांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "त्यांच्या मणक्यात गॅप आलाय!" कॉन्व्हेंटमध्ये मी हे सगळं इंग्रजीत शिकले, पण आमच्याकडे घड वाहणाऱ्या आप्पांना सांगताना मराठीच शोधावी लागली. 'गॅप' ऐकून आपण कायमचे कामातून गेलो, असं त्यांनी धरलं होतं. खरं तर या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

१) स्लिप डिस्क : दोन मणक्यांमध्ये गादी असते. बाहेर चिवट कडं, आत मऊ गर. कड्याला चीर पडली की गर बाहेर येतो. गादी जागची सरकत नाही.

२) सायटिका : हा रोग नव्हे, लक्षण आहे. कमरेतल्या नसेचं मूळ दाबलं गेलं की कुल्ल्यापासून पोटरी-पावलापर्यंत कळ जाते. आयुर्वेदात हिला गृध्रसी म्हणतात. गादीशी तिचा संबंध अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ साली दाखवला.

३) अस्थिरता : नट-बोल्ट ढिला झाल्यासारखा मणक्यांचा सांधा जास्त हलतो. कधी एक मणका दुसऱ्यावर पुढे सरकतो.

आता थोडं मेकॅनिक्स. २० किलोचा घड वाकून ५० सें.मी. लांब धरला, तर मोमेंट १०० न्यूटन-मीटर. वाकलेल्या धडाचा (४० किलो, २५ सें.मी.) आणखी १००. पाठीच्या स्नायूंचा लिव्हर आर्म जेमतेम ५ सें.मी., म्हणून त्यांना ४००० न्यूटन, म्हणजे सुमारे ४०० किलो ओढावं लागतं! हा सगळा दाब गादीवर. तोच घड ताठ राहून अंगाशी धरला, तर ओढ १२०० न्यूटनच्या आसपास येते. होस्टेलमधला पाण्याचा २० लिटरचा जारही तेवढाच जड असतो, बरं का! तेव्हा गुडघ्यात वाका, वजन पोटाशी घ्या, उचलताना कमरेत पिळू नका.

बहुतेकांची सायटिका काही आठवड्यांत ऑपरेशनशिवाय कमी होते. फार दिवस झोपून राहिल्याने उलट नुकसान होतं. झेपेल तेवढं चालत राहावं. पण पाऊल लुळं पडलं, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचाचा ताबा गेला, तर मालीश, नस बसवणं यात वेळ न घालवता त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.

म्हणून कुणी 'गॅप' म्हटलं की घाबरू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, "तिघांपैकी कोणता?" उपचार त्यावरच ठरतो.