मैत्रीचा बांक

पोट दुखूं लागलें म्हणजे आपण वैद्याकडे जातों. मन दुखूं लागलें म्हणजे मात्र तें लपवितों. झिंबाब्वे देशांतील शोना भाषेंत या दुखण्यास 'कुफुंगिसिसा' म्हणतात; म्हणजे अति विचार करीत राहणें. इ. स. २००५ मध्यें तेथील मनोवैद्य डॉ. डिक्सन चिबांदा यांची एक तरुण रुग्ण प्राणांस मुकली. दवाखान्यापर्यंत येण्यास बसचें भाडेंही तिच्या घरीं नव्हतें. तेव्हां उपचारच माणसाच्या दाराशीं नेला पाहिजे, असें त्यांनीं ठरविलें. पण हाताशीं ना डॉक्टर, ना खोली. होत्या त्या हरारे शहरांतील चौदा आज्या! २००६ सालीं त्या दवाखान्याबाहेर लांकडी बांकावर बसूं लागल्या.

आजीबाई उपदेश करीत नाहीं, हें विशेष. (आमच्याकडील आज्यांस हें कठीणच जावें!) समोर एकच माणूस, ती त्याचें सर्व ऐकून घेते. यास 'मन उघडणें' म्हणतात. मग दुःखांच्या गांठोड्यांतून एकच अडचण निवडावयाची, आणि तीवर काय करतां येईल हें येणाऱ्यानेंच शोधावयाचें. तें जमलें कीं नाहीं, हें पुढील भेटींत पाहावयाचें. अशा साधारण सहा भेटी होतात.

५७३ रुग्णांवर केलेली चांचणी २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. नेहमींच्या उपचारांपेक्षां बांकावर बसलेल्यांची व्यथा सहा महिन्यांनंतर पुष्कळच कमी आढळली.

प्रथम या बांकास मानसिक आरोग्याचें नांव होतें. त्यावर कोणी बसावयाचें नाहीं, हें आज्यांनींच ओळखलें व म्हटलें, "याला मैत्रीचा बांक म्हणा."