सैल लेन्स कॅप : दुरुस्ती छोटी, विश्वास मोठा

जुने फिल्म कॅमेरे विकायचा किंवा भाड्याने द्यायचा विचार करताय? मग कॅमेरा गिऱ्हाईकाच्या हातात देण्याआधी लेन्स खाली करून हलकेच हलवा. कॅप पडली, तर तुमचं काम अजून बाकी आहे. उघड्या लेन्सवर ओरखडा आला की मालाची किंमत उतरलीच म्हणून समजा.

उदाहरण घेऊ १९६६ साली आलेल्या याशिका इलेक्ट्रो ३५ चं. याची कॅप लेन्सवर बाहेरून सरकवून बसवतात. अशा कॅपच्या आतलं अस्तर झिजलं की ती सैल होते.

उपाय दोन :

१. जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नीट वाळू द्या. मग आतल्या कडेला समान अंतरावर पातळ फेल्टचे तीन चिकट तुकडे लावा. इन्स्टंट ग्लू नको, त्याच्या वाफेने काचेवर पांढरट थर बसतो.

२. लेन्सच्या आट्यांचं माप ५५ मिमी आहे. त्याच मापाची चिमटीची नवी कॅप थेट बसते.

आता महत्त्वाचं. या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून नाही, वेगळ्या खिडकीतून बघतो. कॅप लावलेली असली तरी दृश्य स्वच्छच दिसतं! गिऱ्हाईकाला हे सांगितलं नाही, तर ३६ फोटोंचा रोल कोरा येईल आणि दोष तुमच्या दुकानाला लागेल. म्हणून कॅपला लाल दोरी बांधा आणि देताना तोंडी सांगाच.

खर्च किरकोळ, पण गिऱ्हाईक परत येतं ते अशाच काळजीमुळे.