इस्त्री बोर्डचं कव्हर: विकण्याआधी गरम इस्त्री ठेवून बघा

व्हिडिओत कव्हर शिवायचं कसं ते दाखवलं. आज कापड कसं निवडायचं ते बघू, कारण माझा पहिला लॉट तिथेच फसला होता.

मी २० कव्हर शिवली. दुकानदार म्हणाला, "प्युअर कॉटन आहे." मी विश्वास ठेवला. आठवड्याभरात एक ताई कव्हर परत घेऊन आल्या. कापड वितळून इस्त्रीला चिकटलं होतं आणि त्यांच्या मिस्टरांच्या शर्टावर डाग पडला होता. कव्हरचे पैसे परत दिले, शर्टही भरून दिला. उरलेला माल विकलाच नाही.

चूक दुकानदाराची होतीच, पण तपासलं नाही ही माझी. म्हणून आता हे करा:

१. धागा जाळून बघा. कॉटनचा धागा जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. आडवा आणि उभा, दोन्ही धागे तपासा. मिक्स कापड इथेच सापडतं.

२. आधी धुवा, मग कापा. मांजरपाट किंवा कॉटन कॅनव्हास पहिल्या धुण्यात आटतं. न धुता शिवलं तर ग्राहकाकडे कव्हर छोटं होणार.

३. आतला थर विसरू नका. वर कॉटन आणि खाली स्वस्त फोम असेल तर उष्णतेने फोम दबतो, खराब होतो. कॉटनचं जाड अस्तर घाला. चंदेरी कोटिंगचं कापड घेत असाल तर उलटी बाजू बघा. नुसता चंदेरी रंग म्हणजे उष्णता सोसणारं कापड नव्हे.

४. खरी चाचणी घ्या. इस्त्रीच्या तीन टिंबांच्या सेटिंगला तळ साधारण २०० अंशांपर्यंत तापतो. त्या सेटिंगवर नमुन्यावर इस्त्री फिरवा, मग १० सेकंद एका जागी ठेवा. तिथून हलू नका, पाणी जवळ ठेवा. चिकटलं, आकसलं किंवा काळं पडलं तर ते कापड बाद.

आता हिशोब. १२० × ३८ सेंमीचा बोर्ड धरा. नाडीसाठी चारही बाजूंनी १० सेंमी जास्त, म्हणजे १४० × ५८ सेंमीचा तुकडा. ४४ इंची पन्ह्यात एकच बसतो, ५४ इंचीत दोन. म्हणजे मीटरचा भाव नाही, एका कव्हरला कापड केवढ्याला पडतं ते बघा. धुण्याचा आणि चाचणीत वाया गेलेल्या तुकड्याचा खर्चही किमतीत धरा.

आणि पाकिटावर "जळणारच नाही" असं कधीच लिहू नका. कॉटनसुद्धा जळतं. "१०० टक्के कॉटन, इस्त्री उभी ठेवा" एवढंच लिहा. जे तपासलंय तेच सांगा.

गृहपाठ: तीन दुकानांतून पाव-पाव मीटर कापड आणा, चारही गोष्टी करा, वहीत लिहा. मगच ठोक माल उचला. मी पाव मीटरचे पैसे वाचवायला गेलो आणि २० कव्हरांचे घालवले. तुम्ही तसं करू नका!