भौतिकशास्त्राचा शिक्षक व्हावयाचें असल्यास

दहावीची परीक्षा संपली कीं "पुढें काय?" हा प्रश्न घरोघरीं निघतो. डॉक्टर, इंजिनियर, सरकारी अधिकारी हीं नांवें तेव्हां चटकन सुचतात. शास्त्राचा शिक्षक होईन असें म्हणणारा विद्यार्थी क्वचितच आढळतो. म्हणून त्या वाटेची माहिती आम्हीं येथें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

पहिली पायरी अकरावीची. विज्ञान शाखा घेऊन भौतिकशास्त्र व गणित हे दोन्ही विषय ठेवावे. गणित सोडल्यास पुढील वाट बिकट होते. बारावीनंतर तीन वर्षांची बी. एस्सी. करावी. आपल्या बुलढाणा जिल्ह्यासाठीं १९८३ सालीं स्थापन झालेलें अमरावतीचें विद्यापीठ आहे. त्यानंतर राज्याची प्रवेशपरीक्षा देऊन दोन वर्षांचा बी. एड. पुरा केला म्हणजे नववी-दहावीस शिकविण्याची पात्रता येते. अकरावी-बारावीस शिकवावयाचें तर एम. एस्सी.चीं आणखी दोन वर्षें लागतात. दहावीपासून मोजल्यास हीं सात किंवा नऊ वर्षें होतात.

दुसरी वाट जवळची आहे. बारावीनंतर बी. एस्सी. व बी. एड. यांचा चार वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम असतो. त्यांत एक वर्ष वांचतें. १९६३ सालीं निघालेली भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था अशा शिक्षणाविषयीं प्रसिद्ध आहे.

पालकांस एक गोष्ट स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. पदवी मिळाली म्हणजे नेमणूक झाली असें नव्हे. राज्यानें २०१७ पासून शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी सुरू केली असून नेमणुकीसाठीं ती द्यावी लागते, व जागा निघेपर्यंत धीर धरावा लागतो. शिवाय माध्यमिक शाळेंत भौतिकशास्त्राबरोबर रसायन व जीवशास्त्रही शिकवावें लागतें.

मग आपला कल आहे कीं नाहीं हें कसें ओळखावें? एक मीटर लांब दोऱ्यास लहान दगड बांधून तो हळूच झुलवावा. एका येरझारेस सुमारें दोन सेकंद लागतात. आतां तितक्याच लांबीस जड दगड बांधावा. काळ बदलत नाहीं! हें धाकट्या भावंडास दाखवावें, पण उत्तर आधीं सांगूं नये. त्यास वाटेल तें बोलूं द्यावें, मग मोजावयास लावावें. त्याच्या चेहऱ्यावरील आश्चर्य पाहून ज्यास आनंद होतो, त्यानें ही वाट खुशाल धरावी.

लोणारचें विवर आपल्याच जिल्ह्यांत आहे. आकाशांतून आलेल्या एका पाषाणानें सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचा खळगा कसा पडला, असें मूल विचारतें. वेग दुप्पट झाला तर आघाताची शक्ति चौपट होते, हें त्यास समजेल असें सांगणारा कोणी वर्गांत हवा. तो बाहेरगांवाहून येईल म्हणून आपण किती दिवस वाट पाहावी? तो आपल्याच शाळेंतून कां निघूं नये?